रस्ता, उंची आणि रहिवासी



स्मृतिव्याख्यानासाठी मी आपल्या दारातलाच विषय निवडला, याचे काही श्रोत्यांस आश्चर्य वाटेल. मोठ्या रस्त्यालगत उंच इमारती होऊ द्याव्यात की नाही, हा वाद आपल्या नवनगरात सकाळी फिरायला निघालेल्या मंडळींपासून गृहस्थांच्या बैठकींपर्यंत सर्वत्र ऐकू येतो. मी स्वतः बराच काळ विरोधी पक्षात होतो. अंगणातले ऊन, शेजारच्या खिडकीची अडचण आणि नळाचे पाणी ही माझी कारणे होती; ती आजही मला खोटी वाटत नाहीत. परंतु जुन्या शहरांचा इतिहास वाचताना एक गोष्ट ध्यानात आली : आपण मजले मोजत बसलो आणि माणसे मोजावयाची राहून गेली.

प्रथम आपली स्थिती पाहू. हुबळी आणि धारवाड ही शहरे १९६२ साली एका महानगरपालिकेखाली आली. दोहोंमध्ये सुमारे वीस किलोमीटरचे अंतर आहे आणि त्या वाटेवरच नवनगर वसले. कर्करोग रुग्णालय आणि २००९ साली स्थापन झालेले राज्य विधी विद्यापीठ यांमुळे येथे बाहेरून येणाऱ्यांची वर्दळ वाढली. पुढे रस्ता रुंद झाला, त्यात अनेक झाडे गेली. आणि २०१८ साली त्याच्या मधोमध आखलेल्या स्वतंत्र मार्गिकेतून ‘चिगरी’ बसगाड्या धावू लागल्या. कन्नडमध्ये चिगरी म्हणजे हरीण. २ फेब्रुवारी २०२० रोजी उपराष्ट्रपती व्यंकय्या नायडू यांच्या हस्ते या सेवेचे औपचारिक उद्घाटन झाले.

अशा मार्गालगत उंच बांधकाम करावे, या मताला आधार आहे. थांब्यापासून चालत जाता येईल एवढ्या अंतरात अधिक लोक राहिले, तर बस भरून जाते आणि रस्त्यावरची खासगी वाहने कमी होतात. पुण्यात मेट्रो स्थानकांपासून ५०० मीटरच्या परिघात ४ पर्यंत चटई क्षेत्र निर्देशांक देण्याचे धोरण याच विचारातून आले. भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येईल, हे या निर्देशांकावरून ठरते.

आता इतिहासाकडे वळू. १९५६ पर्यंत धारवाड जिल्हा मुंबई राज्यात होता; तेव्हा मुंबईचा दाखला आपल्याला परका नाही. १८९६ साली त्या शहरात प्लेग आला. दाट, अंधाऱ्या वस्त्यांवर त्याचा ठपका ठेवण्यात आला आणि १८९८ साली सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. ट्रस्टने दादर-माटुंग्याकडे रेल्वेच्या आसपास मोकळ्या जागेवर नव्या वसाहती आखल्या. रुंद रस्ते, इमारतींभोवती मोकळी जागा, उंचीला मर्यादा. पारशी कॉलनी आणि हिंदू कॉलनी आजही त्या आखणीची साक्ष देतात. पांढरपेशा मराठी कुटुंबांना तेथे उजेड आणि वारा मिळाला. परंतु शहरातल्या ज्या गरिबांच्या खोल्या पाडल्या गेल्या, त्यांतील फार थोड्यांना नवी घरे परवडली. बाकीचे शेजारच्या वस्त्यांत अधिक दाटीने राहू लागले. म्हणजे बुटक्या, देखण्या वसाहतीनेही माणसे बाहेर ठेवली. उंची कमी असली म्हणजे न्याय झाला, असे म्हणता येत नाही.

दुसरा दाखला गिरगावचा. १८९३ साली केशवजी नाईक चाळीत सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला, ते हे गिरगाव. कुलाबा ते सीप्झ अशा साडेतेहतीस किलोमीटरच्या भुयारी मेट्रोसाठी गिरगाव-काळबादेवीतील काही जुन्या इमारती पाडाव्या लागणार, असे कळले तेव्हा तेथील रहिवाशांनी मोठा विरोध केला. घर मिळावे, पण ते गिरगावातच मिळावे, ही त्यांची मागणी होती. त्याच परिसरात उंच इमारती बांधून पुनर्वसन करण्याची योजना अखेर पुढे आली. मार्ग २०२५ च्या ऑक्टोबरात पूर्ण खुला झाला. ज्या टॉवरला चाळकरी एरवी भ्याला असता, तोच येथे त्याला गावात टिकवण्याचे साधन ठरला. अर्थात उद्वाहनाचा आणि देखभालीचा मासिक खर्च पेलता आला तरच तो तेथे टिकेल, हेही खरे.

या दोन्ही दाखल्यांनी मला माझ्याच एका बैठकीची आठवण करून दिली. उंच इमारतींच्या प्रश्नावर आम्ही दहा-बारा जण तावातावाने बोललो. बाजूने बोलणारे होते, विरोधात बोलणारे होते. पण आम्ही सारे घरमालक होतो. रुग्णालयातल्या परिचारिका, भाड्याच्या खोलीत राहणारा विधीचा विद्यार्थी, दोन बसगाड्या बदलून आमच्या घरी स्वयंपाकाला येणाऱ्या बाई यांपैकी कोणीही तेथे नव्हते. चहा करून देणाऱ्या बाईंना त्यांचे मत विचारावे, हेही मला सुचले नाही. नवनगरात राहावयास मिळाले, तर सर्वांत मोठा लाभ त्यांचाच होता.

विरोधकांची पाण्याची शंका मात्र रास्त आहे. मलप्रभेच्या पाण्यावर अवलंबून असलेल्या या जुळ्या शहरांतील अनेक भागांनी दीर्घकाळ काही दिवसांआड येणारे पाणी साठवून दिवस काढले आहेत. मजले चढविण्यापूर्वी पाणी आणि सांडपाणी यांचा हिशेब मांडलाच पाहिजे.

शेवटी धारवाडचीच एक गोष्ट सांगतो. सदर्न मराठा रेल्वेचे मुख्य कार्यालय धारवाडात होते. १९०८ साली त्या कंपनीचे आणि मद्रास रेल्वेचे एकत्रीकरण झाले आणि मुख्य कार्यालय येथून गेले. त्या भव्य इमारतीत पुढे कर्नाटक कॉलेज आले आणि पिढ्यान् पिढ्या मुले तेथे शिकली. वाहतुकीच्या योजना येतात, बदलतात, जातात. इमारत मागे उरते. ती कोणाच्या उपयोगी पडली, एवढेच पुढच्या पिढीच्या लक्षात राहते.

म्हणून माझी सूचना साधी आहे. पुढच्या बैठकीत किती मजले, हा प्रश्न दुसरा ठेवावा. पहिला प्रश्न असा असावा : त्यांत भाड्याची आणि लहान घरे किती, ती कोणासाठी, आणि त्यांना पाणी कोठून? त्या बैठकीला स्वयंपाकाच्या बाईंनाही बोलवावे. निमंत्रण मी स्वतः देईन.