प्रयोग आणि प्रतिभा : झोला, बेर्नार, प्वँकारे

विज्ञान आणि कलानिर्मिती यांच्या नात्याचा प्रश्न फ्रेंच सौंदर्यविचारात सर्वाधिक आग्रहाने मांडला तो एमिल झोलाने. ‘प्रयोगनिष्ठ कादंबरी’ हा त्याचा निबंध १८७९ मध्ये लिहिला गेला आणि १८८० मध्ये त्याच नावाच्या ग्रंथात समाविष्ट झाला. त्याचा आधार होता शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्लोद बेर्नारचा प्रयोगनिष्ठ वैद्यकावरील १८६५ चा ग्रंथ. त्यातील ‘वैद्य’ या शब्दाच्या जागी बहुतेक ठिकाणी ‘कादंबरीकार’ हा शब्द घातला की पुरे, अशी झोलाची भूमिका होती. बाल्झाकने बॅरन युलो या कामासक्त पात्राला विशिष्ट परिस्थितीत सोडून त्याच्या वासनेचे परिणाम दाखविले. झोलाच्या मते हा प्रयोगच होय.

या साम्यातील उणीव उघड आहे. प्रयोगशाळेत निसर्ग शास्त्रज्ञाची कल्पना खोटी ठरवू शकतो. युलो बाल्झाकला खोटे कसे पाडणार? तथापि एवढ्यावर झोलाला निकालात काढणे उतावळेपणाचे ठरेल. अधिक महत्त्वाचे आहे ते त्याने बेर्नारकडून काय घेतले आणि काय वगळले हे. तरुणपणी नाटककार होऊ पाहणाऱ्या बेर्नारने कलेत कलावंताचे व्यक्तित्वच सर्वोपरी मानले होते. झोलाने हे मत स्पष्टपणे नाकारले. परंतु प्रयोगाला चालना देणारी कल्पना अंतःस्फूर्तीने सुचते, ती सुचविण्याचे नियम घालून देता येत नाहीत, असेही बेर्नार म्हणतो. झोलाने याची नोंद घेतली खरी. पण त्याचा सारा भर राहिला तो पडताळ्यावर.

वगळलेला हा धागा आंरी प्वँकारेच्या १९०८ च्या गणिती नवनिर्मितीवरील विवेचनात पुन्हा हाती लागतो. अबोध मनात जुळणाऱ्या असंख्य रचनांपैकी मोजक्याच जाणिवेत येतात. त्यांची निवड सौंदर्यसंवेदना करते, असे तो सांगतो. मात्र निवडलेली रचना खरी आहे की नाही, हे पुढे सिद्धतेनेच ठरते. सुंदर वाटलेली कल्पना फसवूही शकते.

म्हणजे विज्ञान आणि कला यांची भेट होते ती कल्पनेच्या उगमाशी. पडताळ्याच्या टप्प्यावर त्यांच्या वाटा वेगळ्या होतात. झोलाने ही भेट नेमकी जेथे फारकत होते तेथे शोधली. कादंबरीला ‘वैज्ञानिक’ म्हणून गौरविणाऱ्या समीक्षेने हा भेद नजरेआड केला, तर कलाकृतीचे मोल तिच्यातील माहितीच्या अचूकतेवर ठरू लागेल आणि प्रतिभेचा प्रश्न अनुत्तरितच राहील.