किनाऱ्याचा नकाशा आणि गावकुसाबाहेरची वस्ती

वादळ जात पाहत नाही, असे म्हटले जाते. ते खरेच आहे. परंतु वादळाच्या वाटेत कोणाचे घर असावे, हे या देशात बव्हंशी जातीनेच ठरविले आहे. म्हणून मालवण किनाऱ्याच्या नियोजनाचा इतिहास हवामानखात्याच्या नोंदींपासून नव्हे, जमिनीच्या दप्तरापासून सुरू करावा लागतो.

१ मे १९८१ पूर्वी मालवण रत्नागिरी जिल्ह्यात होते. हा खोतीचा जिल्हा. १७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले; १० जानेवारी १९३८ रोजी शेतकऱ्यांचा मोर्चा विधिमंडळावर गेला. तरी खोती नष्ट करणारा कायदा झाला १९४९ साली. कूळकायद्याने कुळाला जमीन दिली. पण ज्याचे नाव कूळ म्हणूनही लागले नव्हते, त्याच्या घराखालची जमीन परक्याचीच राहिली. या उपेक्षेवरच पुढचे सारे नियोजन उभे आहे.

१९९१ च्या किनारा नियमन अधिसूचनेने भरतीरेषेपासून ५०० मीटरचा पट्टा नियंत्रणाखाली आणला. २०१९ च्या अधिसूचनेने ग्रामीण किनाऱ्यावरील २०० मीटरची बांधकामबंदी दाट वस्तीच्या भागांत ५० मीटरवर आणली. मच्छीमारांच्या वस्तीची दखल त्यात आहे, ती न्याय्यच आहे. परंतु ज्याच्याकडे होडी नाही, जाळे नाही, बाग नाही. जो चिरेखाणीवर आणि दुसऱ्याच्या बागेत राबतो, त्याला या नकाशात कोणते नाव आहे?

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ या किनाऱ्याजवळून गेले. पंचनामे झाले ते प्रामुख्याने घरांचे, माडांचे, आंब्यांचे, होड्यांचे. पंचनामा मालमत्तेचा होतो. बुडालेल्या मजुरीचा होत नाही. २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूत मदतछावण्यांतही दलितांना वेगळे ठेवले गेल्याच्या नोंदी आहेत. आपत्ती व्यवस्थेला मोडत नाही, उघडी पाडते.

डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. स्वागतार्ह आहे. पण पाटी बदलल्याने जागा बदलत नाही. देवबागेसारख्या, समुद्र आणि कर्ली खाडी यांच्यामधील चिंचोळ्या पट्टीवर समुद्र किनारा खात आहे. तेथे धूपप्रतिबंधक बंधारा कोठून कोठपर्यंत घालायचा, हा प्रश्न केवळ अभियंत्याचा नाही. कोणाचे अंगण वाचवायचे, हा निर्णय त्यात असतो.

तेव्हा आपली मागणी दयेची असू नये. घराखालची जमीन नावावर करा. वस्तीचा धोका वस्तीतल्या माणसांकडून नोंदवून घ्या. वादळनिवारा असा बांधा की त्याच्या दारात कोणालाही जात विचारली जाणार नाही. ज्या नियोजनात आपले मत नाही, त्यात आपल्या वाट्याला फक्त स्थलांतर येते.