रिमखालची जागा : लोरायडर, कायदा आणि चाकाचे माप

टायरच्या कडेवर उमटवलेले आकडे आपण सहसा वाचत नाही. टायर बदलायची वेळ आली की दुकानदार ते वाचतो आणि त्या मजकुराशी आपला संबंध तेवढ्यावरच संपतो. '१५५/८० आर १३' हा असाच एक मजकूर. १५५ मिलिमीटर रुंदी, टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या ८० टक्के, रेडियल बांधणी आणि १३ इंची रिम, एवढाच त्याचा अर्थ. हे माप मुळात लहान, काटकसरी गाड्यांचे. आपल्याकडच्या हॅचबॅक गाड्यांवरही १३ इंची चाके दिसत आली आहेत. मात्र दक्षिण कॅलिफोर्नियातील मेक्सिकन-अमेरिकन, म्हणजे चिकानो, वस्त्यांत हेच टायर १९६४ सालच्या शेव्हरोले इम्पालाखाली आढळते. सव्वापाच मीटरांहून लांब असलेली ही गाडी कारखान्यातून १४ इंची चाकांवर बाहेर पडली होती. एवढ्या मोठ्या गाडीला एवढे लहान चाक कोणी आणि का निवडले, हा प्रश्न आम्हांला केवळ यांत्रिक वाटत नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर लॉस एंजेलिसच्या पूर्व भागातील तरुणांना परवडत असे ती वापरलेली गाडी. ती आपली करून घेण्याचा त्यांचा मार्ग 'हॉट रॉड'वाल्यांच्या उलट होता. हॉट रॉडचे आकर्षण वेगात होते. या तरुणांना गाडी जमिनीलगत आणि सावकाश चालवायची होती. 'बाहितो इ सुआवेसितो', म्हणजे खालून आणि हळुवार, हे त्यांचे ब्रीद झाले. आरंभीचे उपाय साधे होते. डिकीत वाळूची पोती टाकायची किंवा स्प्रिंगचे वेढे कापायचे. गाडी खाली आली की मडगार्डाची कमान चाकावर उतरते, आणि वळताना किंवा खड्ड्यात मूळ मापाचे टायर आतल्या पत्र्याला घासू लागते. लहान चाकाची पहिली गरज इथे निर्माण झाली. चाक ही गाडीला कारखान्याने दिलेली गोष्ट. ती बदलली की गाडीचे सगळे प्रमाण बदलते.

१९५० च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियाच्या वाहन संहितेत कलम २४००८ आले. त्याचा आशय असा की, मूळ रचनेत फेरफार केलेल्या गाडीचा चाकांव्यतिरिक्त कोणताही भाग रिमच्या सर्वांत खालच्या कडेहून खाली असता कामा नये. या नियमामागे एक तर्क होता. टायरमधील हवा गेली तर गाडी रिमवर टेकते; अशा वेळी सांगाडा रस्त्याला घासू नये. तर्क रास्त होता, परंतु नियम कोणासाठी वापरला जातो हे रस्त्यावर ठरते. चिकानो तरुणांच्या स्मृतीत हे कलम सुरक्षेचे म्हणून उरलेले नाही. थांबवून दंड करण्याचे निमित्त म्हणून ते उरले आहे.

आम्हांला लक्षणीय वाटते ते असे की, कायद्याने आपले माप फुटपट्टीवर न ठेवता चाकावरच ठेवले. रिमची कड जमिनीपासून किती उंच हे टायरच्या भिंतीवर अवलंबून असते. आज या गाडीच्या मूळ मापाच्या जवळ जाणारे २०५/७५ आर १४ हे टायर घेतले, तर त्याची भिंत सुमारे १५४ मिलिमीटर भरते आणि पूर्ण व्यास ६६३. १५५/८० आर १३ ची भिंत १२४ आणि व्यास ५७८. चाक बदलल्याने गाडी सुमारे ४२ मिलिमीटर खाली येते, पण कायद्याची रेषा मात्र ३० मिलिमीटरच उतरते. उरलेला अर्धा इंच मालकाच्या अपराधात जमा होतो. याउलट, बाहेरचा व्यास तोच ठेवून मोठी रिम आणि पातळ टायर घातले, तर सांगाडा एक केसभरही न हलता रेषा खाली जाते. म्हणजे एकाच उंचीची गाडी एका चाकावर गुन्हेगार आणि दुसऱ्यावर निर्दोष ठरू शकत होती.

या अडचणीला प्रसिद्ध उत्तर मिळाले ते हायड्रॉलिक्सचे. १९५९ मध्ये रॉन अगिरे यांनी आपल्या 'एक्स-सॉनिक' या कॉर्व्हेट गाडीला विमानांतील जुने पंप जोडले. कळ दाबली की गाडी वर, पुन्हा दाबली की खाली. पोलीस दिसले की कायदेशीर उंची आणि ते वळणाआड गेले की आपली उंची. १९५८ साली बाजारात आलेल्या इम्पालाचा 'एक्स' आकाराचा सांगाडा या प्रयोगांना सोयीचा ठरला, आणि १९६४ पर्यंतची इम्पाला लोरायडरची लाडकी गाडी झाली.

पंपांनी उंचीचा प्रश्न सोडवला, तरी चाकाचा सुटला नाही. गाडी पूर्ण खाली बसवल्यावरही चाक कमानीत मावायला हवे. म्हणून ५.२०-१४ या मापाचे अरुंद टायर रूढ झाले. पुढे तारांच्या आऱ्यांची, १३ इंच व्यासाची आणि ७ इंच रुंदीची चाके आली, त्यांत डेटन हे नाव प्रतिष्ठेचे ठरले. 'रिव्हर्स' चाकात बसवणीची चकती बाहेरच्या अंगाला नसते, ती आत सरकलेली असते. त्यामुळे चाकाला खोलगट, चकचकीत ओठ मिळतो आणि ते बाहेर सरकते. मागच्या चाकावर अर्धा पडदा टाकणारे पत्रे, म्हणजे स्कर्ट, लावायचे असतील, तर हे बाहेर सरकणे आड येते. तिथे कारागीर मागचा ॲक्सल कापून आखूड करतात. चाकाच्या बाह्य रूपासाठी गाडीच्या पाठीचा कणा बदलायचा, इतकी ही निवड गंभीर होती.

तिची किंमतही होती. १५५/८० आर १३ चे प्रचलित टायर ७९ भारांकाचे, म्हणजे प्रत्येकी ४३७ किलो पेलणारे. चार मिळून १७४८. गाडीच दीड टनाहून अधिक, त्यात पंप, बॅटऱ्यांची रांग आणि माणसे. मर्यादा लगेच ओलांडली जाते. शिवाय लहान चाक तेवढ्याच अंतरात अधिक वेळा फिरते, म्हणून स्पीडोमीटर ६० दाखवतो तेव्हा गाडी प्रत्यक्षात सुमारे ५२ ने चाललेली असते. सावकाशीचे ब्रीद यंत्रानेही असे पाळले; काटा घाईत आणि गाडी निवांत.

या गाड्यांची सार्वजनिक कीर्ती वाढत गेली. जेसी वालदेझ यांची गुलाबांनी रंगवलेली 'जिप्सी रोझ' ही इम्पाला १९७४ साली सुरू झालेल्या 'चिको अँड द मॅन' या मालिकेच्या आरंभी दिसे. २०१७ मध्ये ती राष्ट्रीय ऐतिहासिक वाहनांच्या नोंदवहीत दाखल झाली. १९७७ साली सॅन होझे येथे 'लोरायडर' नियतकालिक निघाले. मात्र त्याच काळात, १९७९ मध्ये, पूर्व लॉस एंजेलिसचा व्हिटियर बुलेवार्ड या गाड्यांच्या रात्रफेऱ्यांना बंद करण्यात आला, आणि १९८० च्या दशकात अशा बंदीचे अधिकार राज्यातील शहरांना मिळाले. संग्रहालयाला हवी असलेली गाडी रस्त्याला नको होती.

ऑक्टोबर २०२३ मध्ये 'एबी ४३६' या विधेयकावर राज्यपालांची सही झाली आणि १ जानेवारी २०२४ पासून कलम २४००८ व फेऱ्यांवरील बंदीचे अधिकार दोन्ही संपुष्टात आले. सहा दशकांहून अधिक काळ रिमच्या कडेखाली ओढलेली रेषा पुसली गेली. आता कोणी तीच जुनी इम्पाला कितीही खाली उतरवावी. अडवणारे कलम उरलेले नाही.

तरी चाके मोठी झालेली नाहीत. जाणकार मालक आजही १३ इंचीच मागतो आणि १४ इंची चाकावरची गाडी पाहून किंचित हळहळतो. ज्या मापाने अडचणीतून वाट काढली, ते अडचण सरल्यावर परंपरा झाले. वृत्ताचे बंधन सैल झाल्यावरही कवी कधी कधी त्याच मात्रा मोजत राहतो, हे आपल्या वाचकांना अपरिचित नाही. फक्त इथे मोजदाद टायरच्या कडेवर लिहिलेली आहे, आणि ती वाचायला थोडे वाकावे लागते.