शंकरदास स्वामींची पदं : तमिळ नाट्यगीताची कुळकथा

२०१९ च्या जून महिन्यात चेन्नईत तमिळ नट-नट्यांच्या संघटनेची, म्हणजे नडिगर संगमची निवडणूक चांगलीच गाजली. एका बाजूला नासर आणि विशाल यांची ‘पांडवर अणी’, दुसऱ्या बाजूला के. भाग्यराज यांची ‘स्वामी शंकरदास अणी’. अणी म्हणजे आपल्याकडचं पॅनेल. पांडव कोण हे सगळ्या देशाला ठाऊक आहे. शंकरदास स्वामी कोण हे मात्र तमिळनाडूच्या वेशीबाहेर सांगावं लागतं. ते वारले १९२२ साली, पहिला तमिळ बोलपट यायच्या नऊ वर्षं आधी. तरीही सिनेमातल्या लोकांना मतं मागताना त्यांचंच नाव पुढे करावंसं वाटलं, कारण तमिळ रंगभूमीवर आणि पुढे पडद्यावर जे गाणं आलं, त्याच्या मूळपुरुषांत हा माणूस बसतो.

शंकरदासांचा जन्म ७ सप्टेंबर १८६७ चा, तूत्तुकुडीजवळच्या काट्टुनायक्कनपट्टी गावचा. वडील दामोदर तेवर रामायणाचे जाणकार, त्यामुळे घरात पद्य मुरलेलं. पलनीच्या दंडपाणी स्वामींकडे छंदशास्त्राचं शिक्षण झालं. वेण्बा, विरुत्तम, सिंदू हे तमिळ पद्यप्रकार हातात बसले. पोटासाठी मात्र मिठाच्या वखारीत हिशेबनिसाची नोकरी. चोविसाव्या वर्षी ती सोडून ते नाटक कंपनीत शिरले. मिठाचे हिशेब लिहिणाऱ्या त्या हाताने पुढे चाळीसहून अधिक नाटकं लिहिली. ‘वळ्ळी तिरुमणम’, ‘पवळक्कोडी’, ‘कोवलन’, ‘सत्यवान सावित्री’, ‘नल्लतंगाळ’ ही त्यातली नावं तमिळ घरांत आजही ओळखीची आहेत.

त्यांच्या आधी तमिळ मुलखात नाटक नव्हतं असं नाही. गावाच्या वेशीवर रात्रभर चालणारं तेरुक्कूत्तू होतंच. तंजावरच्या दरबारात तर शहाजीराजे भोसल्यांनी १६८४ ते १७१२ या आपल्या कारकिर्दीत मराठी नाटकं लिहिली. त्यांचं ‘लक्ष्मीनारायण कल्याण’ मराठीतल्या सर्वांत जुन्या नाटकांत मोजलं जातं. त्या नाटकांतली पदं कर्नाटक रागांत बांधलेली. हस्तलिखितं सरस्वती महाल ग्रंथालयात आहेत. पण हा सगळा दरबारी मामला. तिकीट काढून पाहायचं, पडदे आणि पेटी असलेलं कंपनीचं नाटक तमिळ गावांत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पोहोचलं, आणि ते नेणाऱ्यांत पारशी कंपन्यांबरोबर पुण्या-सांगलीकडच्या मराठी मंडळ्याही होत्या. अशाच एका मंडळीचे खेळ पाहून तंजावरच्या गोविंदस्वामी राव या मराठी माणसाने ‘मनमोहन नाटक कंपनी’ काढली आणि तमिळमधून प्रयोग लावले. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीत जे रोप लावलं, त्याची एक फांदी अशी कावेरीकाठी गेली.

भाव्यांच्या खेळात पदं सूत्रधार म्हणे आणि पात्रं भाषणं आयत्या वेळी जुळवत. जुन्या तमिळ कंपन्यांतही बोलण्याचा भाग बराचसा नटाच्या जिभेवर सोडलेला असे. आपल्याकडे अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये ‘शाकुंतल’ आणून पदं पात्रांच्या तोंडी दिली आणि संहिता पक्की केली. तमिळमध्ये हे काम शंकरदासांनी केलं. कोणतं पद कोणी म्हणायचं, मागून कोणतं विरुत्तम येणार, त्याला उत्तर काय, सगळं लिहून काढलं. संवादांत ‘तिरुक्कुरळ’ या जुन्या तमिळ नीतिग्रंथाची वचनं पेरली. चालींच्या बाबतीत सोवळं पाळलं नाही. कर्नाटक राग, लोकगीतांचे ठेके आणि लोकांच्या ओठी बसलेले ‘पारसी मेट्टू’, म्हणजे पारशी नाटकांच्या चाली, जे कानाला गोड लागेल त्यावर शब्द बसवले. किर्लोस्कर-देवलांच्या पदावलीवर ‘चाल : अमुक’ असं छापलेलं पाहिलेल्या मराठी माणसाला ही पद्धत परकी वाटणार नाही.

लयीचा पक्केपणा त्यांना पुदुकोट्टईच्या मान्पूंडिया पिळ्ळै यांच्या सहवासात मिळाला. कर्नाटक संगीतात खंजिरीला मानाचं स्थान देणारे ते हेच. मधल्या काळात शंकरदास नाटक सोडून तीर्थयात्रेला निघाले होते. पिळ्ळैंनी त्यांना मुलासारखं जवळ ठेवून घेतलं. ‘स्वामी’ ही उपाधी त्या विरक्तीच्या दिवसांतली. लग्न त्यांनी केलंच नाही.

सुरुवातीला ते स्वतः भूमिका करत, यम आणि शनी या त्यांच्या गाजलेल्या. पहाटे प्रयोग संपल्यावर शनीच्या रंगातच ते तोंड धुवायला तळ्यावर गेले आणि त्यांना पाहून एका परटिणीने भीतीने प्राण सोडला, अशी आख्यायिका नाटकवाले सांगतात. खरंखोटं काही असो, त्यांनी तोंडाला रंग लावणं सोडलं आणि लिहिणं व शिकवणं एवढंच हाती ठेवलं.

मोठे नट शिस्तीत राहत नाहीत, म्हणून त्यांनी मुलांच्या कंपन्यांवर भर दिला. १९१० मध्ये ‘समरस सन्मार्ग नाटक सभा’ आणि १९१८ मध्ये मदुराईला ‘तत्त्व मीनलोचनी विद्वत् बाल सभा’ उभी राहिली. या दुसऱ्या कंपनीत टी. के. षण्मुगम नावाचा सहा वर्षांचा पोर भावांबरोबर दाखल झाला. त्याने मोठेपणी आपल्या आठवणींत लिहिलंय की, चार तास चालेल असं ‘अभिमन्यू सुंदरी’ स्वामींनी एका रात्रीत लिहून काढलं, शंभरावर पदांसकट. शेवटी अर्धांगाने स्वामींची वाचा गेली. १३ नोव्हेंबर १९२२ रोजी पुदुच्चेरीत त्यांचा अंत झाला. षण्मुगम पुढे अव्वैयार या म्हाताऱ्या कवयित्रीच्या भूमिकेने इतके गाजले की चेन्नईतल्या जुन्या लॉइड्स रोडला आज अव्वै षण्मुगम सालै म्हणतात. शिष्याला रस्ता मिळाला तो असा.

चेन्नईच्या, तेव्हाच्या मद्रासच्या, शिकलेल्या मंडळींना हे कंपनीवाले नाटक फारसं रुचत नसे. पम्मल संबंध मुदलियार यांनी १८९१ मध्ये सुगुण विलास सभा काढली. तिथे वकील आणि अधिकारी हौसेने रंगमंचावर उभे राहत. भर गद्यावर, प्रयोग आटोपशीर. सेंट्रल स्टेशनजवळचा व्हिक्टोरिया पब्लिक हॉल हा त्यांचा अड्डा. पण त्याच भागातल्या गुजिली बाजारात स्वस्त कागदावर छापलेली नाटकाच्या पदांची पुस्तकं विकली जात आणि ती विकत घेणारा गिऱ्हाईक वेगळा होता. त्याला स्वामींची पदं पाठ करायची असत.

ही पदं त्याच्या कानी पडली ती स्वामींच्या गळ्यातून नव्हे. त्यांच्या हाताखाली तयार झालेला एस. जी. किट्टप्पा आणि त्याची जोडीदार के. बी. सुंदरांबाळ यांनी ‘वळ्ळी तिरुमणम’ रंगवलं आणि ग्रामोफोन कंपन्यांनी त्यांना हेरलं. तबकडीच्या एका बाजूवर साडेतीन मिनिटांच्या आसपास गाणं मावे. रंगमंचावर वन्स मोअर घेत अर्धा तास चालणारं पद त्या मापात कापावं लागे. आलाप गेले, विरुत्तम आखडलं, मुखडा आणि एक-दोन कडवी उरली. सिनेमाच्या गाण्याचं माप तिथेच ठरलं. किट्टप्पा १९३३ मध्ये जेमतेम सत्ताविसाव्या वर्षी गेला, पण आवाज तबकड्यांत राहिला. त्या विकल्या जात गायकाच्या नावावर. पद लिहिणाऱ्याचं नाव ऐकणाऱ्याला क्वचितच कळे.

१९३१ मध्ये ‘कालिदास’ हा पहिला तमिळ बोलपट मद्रासच्या किनेमा सेंट्रलमध्ये लागला. चित्रीकरण झालं होतं मुंबईत, आर्देशीर इराणींच्या छत्राखाली. नायिका टी. पी. राजलक्ष्मी नाटकातून आलेली आणि गीतकार मदुरै भास्करदासही नाटकांचे पदकार. त्यांनी कालिदासाच्या गोष्टीत चरख्याचं गाणं घुसडलं आणि लोकांनी ते डोक्यावर घेतलं. १९३४ मध्ये ‘पवळक्कोडी’ पडद्यावर आलं. त्यात पन्नासएक गाणी होती, लिहिणारे पापनाशम शिवन आणि गाणारे एम. के. त्यागराज भागवतर. नाटकाची कथा तीच, पदं मात्र नवी. स्वामींचं नाव इथून मागे पडत गेलं.

ते टिकलं मदुराई-पुदुकोट्टईच्या खेड्यांत. तिथे ‘स्पेशल नाटकम’ नावाचा प्रकार अजून चालतो. ‘वळ्ळी तिरुमणम’, म्हणजे वळ्ळीचं लग्न, लागलं की वळ्ळी एका गावची, नारद दुसऱ्या, पेटीवाला तिसऱ्या. प्रत्येकाची सुपारी वेगळी आणि तालीम एकही नाही. रात्री दहाला विदूषक सुरू करतो, मग नारद आणि वळ्ळी यांचा पदांतून वाद रंगतो, पहाटे लग्न लागतं. एकमेकांना कधी न भेटलेले नट रात्रभर अडखळत नाहीत, कारण प्रत्येकाला स्वामींची संहिता तोंडपाठ असते. दरवर्षी हे कलावंत त्यांच्या तसबिरीपुढे गुरुपूजा करतात.

चेन्नईत तारामणीच्या रोजा मुत्तैया ग्रंथालयात त्या काळची पदांची पुस्तकं जपून ठेवली आहेत. पदांच्या डोक्यावर चाल कुठून घेतली ते छापलेलं आढळतं. मराठी नाट्यपदांची जाण असलेल्या आणि तमिळ वाचता येणाऱ्या कुणी अभ्यासकाने तिथे महिनाभर मुक्काम ठोकावा. किर्लोस्करी वळणाच्या किती चाली कावेरीपार गेल्या आणि तिकडच्या किती इकडे आल्या, याचा हिशेब अजून कुणीतरी मांडायला हवा.