सीएनजी गाडी परवडते का? वडशातल्या घरासाठी महिन्याचा हिशेब

लग्नाच्या जेवणात असो की जुम्याच्या नमाजनंतर चहाच्या टपरीवर, आजकाल एक प्रश्न हमखास निघतो. "गाडी घ्यायची आहे, पेट्रोल घेऊ की सीएनजी?" लगेच कुणीतरी सांगतो, "अरे, सीएनजीच घे, निम्म्या खर्चात फिरते." नागपूर-मुंबईच्या माणसाचे हे बोलणे खरे असेलही. पण वडसा (देसाईगंज), आरमोरी, कुरखेडा, ब्रह्मपुरी या पट्ट्यातल्या घराला ते जसेच्या तसे लागू पडत नाही. इथे गॅसच्या दराइतकाच महत्त्वाचा प्रश्न आहे तो पंप किती लांब याचा. म्हणून हा हिशेब आम्ही पायरीपायरीने मांडत आहोत. खालचे दर आणि अ‍ॅव्हरेज उदाहरणासाठी धरले आहेत. तिथे आपापल्या गावचे आजचे आकडे घालावेत.

पहिली पायरी : एका किलोमीटरचा खर्च

सीएनजी लिटरने नाही, किलोने मिळतो. सूत्र सोपे आहे. एक किलो गॅसचा दर भागिले एका किलोत गाडी किती किलोमीटर जाते.

कंपनीचा आकडा आणि रस्त्यावरचा आकडा यात फरक असतो. वॅगन-आर 1.0 ची सीएनजी गाडी कागदावर किलोला 34 किमी देते आणि अर्टिगा 26 किमी. आपल्याकडचे खड्डे, एसी, घरची पाच माणसे आणि सामान धरले तर छोट्या गाडीला 25 आणि मोठीला 21 धरणे शहाणपणाचे.

समजा गॅस 90 रुपये किलो आणि पेट्रोल 105 रुपये लिटर आहे. छोटी गाडी पेट्रोलवर 18 किमी देते.

- सीएनजी : 90 ÷ 25 = किमीला 3.60 रुपये
- पेट्रोल : 105 ÷ 18 = किमीला 5.83 रुपये
- बचत : किमीला 2.23 रुपये

इथवर सगळे गोड दिसते. बहुतेक जण इथेच थांबतात आणि बुकिंग करून मोकळे होतात.

दुसरी पायरी : पंपापर्यंतची रिकामी फेरी

या गाड्यांत साधारण 60 लिटरचे सिलिंडर असते. त्यात आठ-नऊ किलो गॅस बसतो. आठ किलो धरला तर छोटी गाडी एका भरणीत 200 किमी चालते. आता पंप रोजच्या वाटेवर नसेल आणि फक्त गॅस भरायला जावे लागत असेल, तर जाण्या-येण्याचे किमी या 200 मधून वजा होतात. भरणीचे 720 रुपये मात्र तेवढेच लागतात.

- पंप वाटेवरच : 200 किमी कामाचे, किमीला 3.60 रुपये
- पंप 10 किमी दूर : 180 किमी कामाचे, किमीला 4.00 रुपये
- पंप 30 किमी दूर : 140 किमी कामाचे, किमीला 5.14 रुपये
- पंप 40 किमी दूर : 120 किमी कामाचे, किमीला 6.00 रुपये

शेवटची ओळ पुन्हा वाचा. पंप 40 किमीवर आणि वाट वाकडी करून जायचे असेल, तर सीएनजी पेट्रोलपेक्षाही महाग पडतो. त्यात गेलेला वेळ आणि रांगेतला ताटकळा धरलेलाच नाही.

गॅस पूर्ण का भरत नाही?

जिथे पाइपलाइन पोहोचलेली नाही, तिथल्या पंपावर गॅस ट्रकवरच्या सिलिंडरांच्या संचातून येतो. ट्रक नुकताच आला असेल तर दाब चांगला असतो. संच रिकामा होत आला की दाब उतरतो आणि आठ किलोच्या जागी पाच-सहा किलोच बसतो. पैसे किलोप्रमाणेच द्यावे लागतात, पण फेऱ्या वाढतात.

दुसरे कारण आपला उन्हाळा. गॅस 200 बार दाबाच्या हिशेबाने भरतात. तापलेल्या सिलिंडरमध्ये तोच दाब कमी गॅसात गाठला जातो. म्हणून एप्रिल-मे महिन्यात भर दुपारी रांगेत उभे राहू नये. फजरनंतरची थंड वेळ सगळ्यात बरी.

दराचेही तसेच. मार्च 2022 मध्ये नागपुरात सीएनजी किलोला 120 रुपयांपर्यंत गेला होता, तर मुंबईत तो बराच स्वस्त होता. कारण नागपूरला तेव्हा पाइपलाइनचा गॅस नव्हता. गुजरातेतून टँकरने द्रवरूप वायू आणून त्याचा सीएनजी केला जात होता. त्याच वर्षी 1 एप्रिलपासून राज्याने नैसर्गिक वायूवरचा व्हॅट 13.5 टक्क्यांवरून 3 टक्क्यांवर आणला, त्याने थोडा आधार मिळाला. 120 रुपये दराने वरचा हिशेब करून पाहा : 120 ÷ 25 = 4.80 रुपये. पंप वाटेवर असूनही निम्म्याहून जास्त बचत गेली. म्हणून मुंबईच्या भाच्याने सांगितलेला दर आपल्या वहीत लिहू नये.

तिसरी पायरी : लपलेले खर्च

1. हायड्रो टेस्ट. सिलिंडरची दाब-चाचणी दर तीन वर्षांनी करावी लागते. तिला 3,000 रुपये धरले तर महिन्याला साधारण 85 रुपये.
2. सर्व्हिसिंग. गॅस फिल्टर आणि स्पार्क प्लग यांकडे जास्त लक्ष द्यावे लागते. महिन्याला 150 रुपये बाजूला ठेवावेत.
3. पेट्रोल. बऱ्याच गाड्या पेट्रोलवर सुरू होऊन मग गॅसवर जातात. शिवाय गॅस संपला तर घरी आणणारे पेट्रोलच. महिन्याला 300 रुपये यात जातात. तेवढे किमी गॅसवर चालले असते तर जे वाचले असते, ते सुमारे 115 रुपये जादा धरावेत.

म्हणजे घरगुती गाडीला महिन्याला साधारण 350 रुपये वेगळे. विम्याच्या पॉलिसीत सीएनजीची नोंद आहे ना, हेही बघून घ्यावे. नोंद नसेल तर क्लेमच्या वेळी त्रास होतो.

चौथी पायरी : जादा दिलेले पैसे कधी निघतात?

त्याच मॉडेलची सीएनजी गाडी पेट्रोलपेक्षा महाग असते. हा फरक 90,000 रुपये धरू आणि तीन घरांचा हिशेब करू.

पहिले घर. वडशातच दुकान आहे. गाडी बाजार, दवाखाना आणि पाहुण्यांकडे जाण्यापुरती, महिन्याला 400 किमी. पंप वाटेवर मिळाला तरी बचत 892 रुपये, त्यातून 350 गेले, उरले 542. फरक फिटायला जवळपास 14 वर्षे. पंप 10 किमी बाजूला असेल तर 19 वर्षांहून अधिक. या घराने सीएनजीच्या मागे लागू नये.

दुसरे घर. मुलगा किंवा सून नोकरीसाठी रोज वडसा-गडचिरोली ये-जा करते. जाऊन-येऊन साधारण 100 किमी, महिन्याला 22 दिवस, म्हणजे 2,200 किमी. पंप त्याच वाटेवर असेल तर बचत 4,906 रुपये, खर्च वजा जाता 4,556. वीस महिन्यांत फरक फिटतो. या घराला सीएनजी नक्की परवडते.

तिसरे घर. अर्टिगासारखी गाडी भाड्याने चालते, महिन्याला 3,500 किमी. सीएनजीवर किमीला 4.29, पेट्रोलवर (15 किमी धरून) 7 रुपये. बचत सुमारे 9,500. जादा देखभाल 700 धरली तरी दहा-अकरा महिन्यांत पैसे निघतात. पण दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. मागची डिकी सिलिंडरने व्यापते, त्यामुळे लग्नाच्या किंवा उमराहला निघालेल्या प्रवाशांच्या बॅगा वर कॅरियरवर जातात. आणि एका भरणीत ही गाडी 170 किमीच्या आसपास जाते. वडसा ते नागपूर साधारण 140-150 किमी आहे, म्हणजे परतीला नागपुरात गॅस भरणे आलेच.

आपल्यातली बरीच घरे व्याजाचे कर्ज टाळतात आणि साठवलेल्या पैशातून गाडी घेतात. अशा घराने तर हा प्रश्न नक्की विचारावा : हे 90,000 रुपये डिकीतल्या सिलिंडरमध्ये अडकवायचे, की दुकानात माल भरायला आणि पोरांच्या फीसाठी हाताशी ठेवायचे? जो हप्त्यावर घेणार आहे, त्याने फरकाच्या रकमेवरचे व्याजही खर्चात धरावे.

आपल्या भागासाठी चार सांगण्याच्या गोष्टी

- पावसाळ्यात वैनगंगा चढली की पुलावरून किंवा रस्त्यावरून पाणी जाते आणि वाहतूक थांबते. पंप नदीच्या पलीकडे असेल तर गॅसचाही मार्ग बंद. त्या दिवसांत पेट्रोलची टाकी निम्म्याखाली जाऊ देऊ नये.
- कुरखेडा-कोरचीकडे जंगलातून रात्री जायचे असेल तेव्हाही हेच.
- बाहेरून किट बसवायचे असेल तर मान्यताप्राप्त ठिकाणीच बसवावे आणि आरटीओत आरसीवर नोंद करून घ्यावी. स्वस्तातले किट आणि जुने सिलिंडर म्हणजे घरच्यांच्या जिवाशी खेळ.
- गॅस भरताना सगळ्यांनी गाडीतून उतरावे, मुलांना आणि झोपलेल्या आजीलासुद्धा उतरवावे. वास आला तर गाडी बंद करावी, दारे उघडावीत आणि मेकॅनिकला दाखवल्याशिवाय सुरू करू नये.

वहीत लिहायचा तक्ता

1. महिन्याचे खरे किमी (एक महिना मीटर बघून लिहा, अंदाज नको)
2. जवळच्या पंपाचा दर आणि अंतर
3. पंप वाटेवर की वाकडी वाट?
4. वरच्या पद्धतीने किमीचा खर्च
5. पेट्रोलशी फरक × महिन्याचे किमी
6. त्यातून 350 रुपये वजा
7. गाडीच्या किमतीतला फरक ÷ उरलेली बचत = किती महिने

उत्तर 36 महिन्यांच्या आत आले तर सीएनजी घ्यावी. 60 च्या पुढे गेले तर पेट्रोलच बरी. मधल्या घरांनी आपल्या भागातला पंप, तिथली रांग आणि गॅसचा दाब दोन-तीन वेळा स्वतः जाऊन बघावा, तिथल्या रिक्षावाल्या भावांना विचारावे आणि मगच बयाणा द्यावा.