जुने गोवे : ओसाड राजधानीतील चर्चवास्तू आणि कॅथलिक भक्तिपरंपरा

मांडवी नदीच्या दक्षिण तीरावरील जुने गोवे हे शहर २५ नोव्हेंबर १५१० रोजी अफोन्सो द आल्बुकेर्कने आदिलशाहीकडून जिंकून घेतले. तो दिवस संत कॅथरिनच्या सणाचा होता, आणि त्यामुळेच ही संत पुढे शहराची रक्षणकर्ती मानली गेली. पोर्तुगिजांच्या पौर्वात्य साम्राज्याची राजधानी म्हणून वैभवास चढलेले हे शहर सतराव्या शतकातच खंगू लागले. वारंवार उद्भवणाऱ्या साथी, डचांची व्यापारी स्पर्धा आणि दूषित पाणी यांमुळे वस्ती विरळ होत गेली. व्हाइसरॉयने १६९५ मध्ये आपले निवासस्थान पणेलीस हलविले, १७५९ मध्ये ते पणजीस गेले आणि १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली. मोडलेल्या वाड्यांचा दगड नव्या राजधानीच्या बांधकामासाठी वाहून नेण्यात आला. आज तेथे उभ्या आहेत त्या मुख्यत: चर्चवास्तू.

त्याच का टिकल्या, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. बांधकाम भक्कम होते, हे त्याचे सर्वसाधारण उत्तर. परंतु याच शहरातील एक वास्तू त्या उत्तरास छेद देते.

पवित्र टेकडीवरील संत ऑगस्टिन चर्च १६०२ मध्ये पूर्ण झाले. त्याचा दर्शनी मनोरा सुमारे ४६ मीटर उंच होता. पोर्तुगालमधील उदारमतवादी राजवटीने १८३४ मध्ये पुरुषांचे धर्मसंघ विसर्जित केले व पुढील वर्षी गोव्यात त्याची अंमलबजावणी झाली. ऑगस्टिनियन साधू निघून गेले आणि एवढी प्रचंड वास्तू निर्जन झाली. अवघ्या सात वर्षांत, १८४२ मध्ये, तिची मुख्य कमानदार छत कोसळली. मोठी घंटा १८७१ मध्ये पणजीच्या चर्चमध्ये बसविण्यात आली; १९३१ मध्ये दर्शनी भागही ढासळला. जांभ्याच्या भिंती जाडजूड असल्या तरी दर पावसाळ्यापूर्वी कौले परतणारा आणि गिलाव्याची डागडुजी करणारा माणूस नसेल, तर कोकणपट्टीचा पाऊस त्यांना फार काळ सोडत नाही. शेजारच्या सांता मोनिका मठाचे दैव थोडे निराळे. स्त्रियांच्या या मठातील जोगिणींना हयात असेतो राहू दिले गेले. नवीन प्रवेश मात्र थांबला. शेवटची जोगीण १८८५ मध्ये वारली. मठाची इमारत आजही उभी आहे.

याउलट बॉम जेझू चर्चची पायाभरणी १५९४ मध्ये झाली आणि १६०५ मध्ये त्याचे अभिषेचन झाले. ते ज्यांनी बांधले त्या जेझुइटांना १७५९ मध्येच, म्हणजे ऑगस्टिनियनांच्या पाऊणशे वर्षे आधी, हद्दपार करण्यात आले. केवळ धर्मसंघाच्या आश्रयावर वास्तूचे आयुष्य अवलंबून असते, तर हे चर्च प्रथम कोसळावयास हवे होते. ते कोसळले नाही, कारण तेथे संत फ्रान्सिस झेवियर यांचे पार्थिव होते.

झेवियर यांचे ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्याजवळील सांशियन बेटावर निधन झाले. त्यांचे शरीर मलाक्कामार्गे १५५४ मध्ये गोव्यात आणले गेले. १६२२ मध्ये त्यांना संतपद मिळाले. त्यांच्यासाठी १६३६-३७ मध्ये गोव्यातील कारागिरांनी चांदीची पेटी घडविली. तिच्याखालील संगमरवरी चौथरा ही टस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोझिमो याची भेट. फ्लॉरेन्सचा शिल्पकार फोजिनी याने तो घडविला आणि १६९८ मध्ये तो येथे बसविण्यात आला. स्थानिक सोनारकाम आणि इटालियन शिल्प एकाच समाधीत असे एकत्र आले आहे. चर्चच्या दर्शनी भागातील कोरीव काळा दगड वसईहून आणलेला आहे, ही बाबही महाराष्ट्रातील अभ्यासकांनी ध्यानी घ्यावी अशी.

या श्रद्धेचे राजकीय रूप १६८३ मध्ये दिसले. छत्रपती संभाजीराजांच्या सैन्याने शहरालगतचे जुवे बेट घेतले, तेव्हा हतबल झालेल्या व्हाइसरॉय कोंद द आल्व्होरने बॉम जेझूमध्ये जाऊन आपला राजदंड संताच्या पार्थिवापाशी ठेवला व शहराच्या रक्षणासाठी प्रार्थना केली. मोगल सैन्य कोकणात उतरत असल्याने मराठ्यांना माघार घ्यावी लागली. पोर्तुगिजांनी मात्र तिचे श्रेय झेवियर यांना दिले. इतिहासकाराने लष्करी कारण नोंदवावेच. तरीही शहर वाचल्याची ही आठवण त्या समाधीशी जोडली गेली, हेही ऐतिहासिक सत्यच आहे.

या भक्तीचा इतिहास निष्पाप नाही. सोळाव्या शतकात तिसवाडी, बारदेश व साष्टी येथील देवळे पाडली गेली. १५६० पासून १८१२ पर्यंत, मधली काही वर्षे वगळता, इन्क्विझिशनचे न्यायालय याच शहरात बसत होते. कुठ्ठाळीचा मंगेश १५६० मध्ये नदीपलीकडे प्रियोळला नेण्यात आला, तोही याच धोरणामुळे. मंगेशाचे मूळ देऊळ गेले, पण त्याची उपासना नव्या जागी चालू राहिली. दुसरीकडे धर्मांतरितांना नव्या धर्माची कथा त्यांच्या परिचित वाङ्मयप्रकारात देण्याचा प्रयत्नही येथूनच झाला. १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचे मराठी ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. सत्तेने लादलेला धर्म कालांतराने लोकांचा झाला, तो अशा वाटांनी. गोव्यात झेवियर यांना ‘गोंयचो सायब’ म्हणतात, आणि म्हणणाऱ्यांत हिंदूही असतात.

राजधानी ओस पडल्यानंतरच्या काळात ही भक्ती ओसरावयास हवी होती. प्रत्यक्षात १७८२ नंतर प्रदीर्घ खंडाने १८५९ मध्ये पवित्र अवशेषांचे जाहीर प्रदर्शन झाले, तेव्हा यात्रेकरूंचे लोंढे जवळपास निर्मनुष्य झालेल्या शहरात लोटले. पुढे दर दहा वर्षांनी प्रदर्शन भरविण्याची प्रथा रूढ झाली. २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या कालावधीतील प्रदर्शन हे त्या मालिकेतील अठरावे. त्या दिवसांत पार्थिव बॉम जेझूमधून मिरवणुकीने से कॅथेड्रलमध्ये नेले जाते. १७७६ मध्ये एक मनोरा गमावलेले हे कॅथेड्रल आर्चबिशपांचे पीठ असल्याने नित्य उपासनेत राहिले आहे. दरवर्षी ३ डिसेंबरच्या फेस्ताआधी नऊ दिवस नोवेना चालते. पायी येणाऱ्यांची संख्याही मोठी असते.

युनेस्कोने १९८६ मध्ये ‘गोव्यातील चर्चे व मठ’ यांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. तत्पूर्वीच, १९६४ मध्ये, फ्रान्सिस्कन मठात पुरातत्त्व विभागाचे संग्रहालय स्थापन झाले होते. या व्यवस्थेमुळे संशोधनास गती मिळाली, हे मान्य करावे लागेल. ऑगस्टिन चर्चच्या अवशेषांत पुरातत्त्व खात्याने केलेल्या उत्खननात मिळालेली अस्थी जॉर्जियाची राणी केतेवान हिची असावी, असा निष्कर्ष हैदराबाद येथील संशोधकांनी २०१३ मध्ये डीएनए चाचणीअंती काढला. १६२४ मध्ये शिराझ येथे शाह अब्बासच्या आज्ञेने तिचा वध झाला होता आणि ऑगस्टिनियन साधूंनी तिचे अवशेष गोव्यात आणले होते. २०२१ मध्ये भारत सरकारने अवशेषाचा एक भाग जॉर्जियास सुपूर्द केला. गोव्यातील उपासकांनी सोडून दिलेल्या वास्तूकडे त्यामुळे दूरदेशीचे ऑर्थोडॉक्स श्रद्धाळू आदराने पाहू लागले.

मात्र स्मारक म्हणून पाहण्याच्या दृष्टीने हानीही केली आहे. बॉम जेझूचा बाह्य चुन्याचा गिलावा १९५० च्या दशकात पोर्तुगीज वास्तुविशारद बाल्ताझार कास्त्रो याने काढविला. उघडा दगड अधिक प्राचीन दिसेल, ही त्यामागची धारणा. वास्तविक सच्छिद्र जांभ्याच्या भिंतींना गिलाव्याचे संरक्षण देणे ही तेथील जुनी बांधकामरीत होती. आज पर्यटकांच्या छायाचित्रांतून ओळखीचा झालेला लालसर दर्शनी भाग म्हणजे या वास्तूचे मूळ रूप नव्हे. ते विसाव्या शतकाने कल्पिलेले प्राचीनत्व होय. गेल्या काही वर्षांत गिलावा पुन्हा करावा, अशी मागणी चर्चच्या वतीने झाली, तेव्हा वास्तूचे परिचित रूप बदलू नये असा विरोधही झाला. ज्या रूपाच्या रक्षणासाठी हा विरोध होतो, त्याचे वय पाऊणशे वर्षांहून फारसे अधिक नाही. त्यापूर्वी सुमारे साडेतीनशे वर्षे हे चर्च गिलाव्याखालीच होते, आणि १८५९ च्या यात्रेकरूंनी पाहिले तेही तसेच.