ट्रॉय मॅक्सन

अमेरिकन नाटककार ऑगस्ट विल्सन (१९४५–२००५) यांच्या ‘फेन्सेस’ या नाटकाचा नायक. विसाव्या शतकातील प्रत्येक दशकावर एक, अशी दहा नाटके विल्सन यांनी लिहिली; त्यांतील हे पन्नासच्या दशकाचे. सदोष बाप नायक ठरू शकतो काय, या प्रश्नाची कसोटी ट्रॉयच्या व्यक्तिरेखेत लागते.

कथानक १९५७ साली सुरू होते. त्रेपन्न वर्षांचा ट्रॉय कचरागाडीवर कामाला आहे. तुरुंगात बेसबॉल शिकून तो कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या लीगमध्ये गाजला. पण १९४७ मध्ये जॅकी रॉबिन्सनने मुख्य लीगमधील वर्णबंदी मोडली, तोवर त्याचे वय उलटले होते. गाडी चालवायचे काम फक्त गोऱ्यांनाच का, असा जाब विचारून तो चालकाची जागा मिळवतो. मात्र मुलगा कोरी याची फुटबॉलच्या जोरावर कॉलेजात जाण्याची संधी तोच हाणून पाडतो. पत्नी रोझशी तो प्रतारणा करतो. प्रेयसी बाळंतपणात दगावल्यावर तिची तान्ही मुलगी रेनेल रोझच्या पदरात टाकतो. युद्धात डोक्याला जखम झालेल्या भावाच्या भरपाईच्या पैशांतून ट्रॉयचे घर झालेले असते, आणि पुढे त्याच भावाला इस्पितळात डांबण्याच्या कागदावर तो सही करतो.

आपण बापाला का आवडत नाही, असे कोरी विचारतो तेव्हा ट्रॉय डोक्यावरचे छप्पर, पोटातले अन्न आणि अंगावरचे कपडे मोजून दाखवतो. मुलाला पोसणे हे कर्तव्य. तो आवडलाच पाहिजे असे नाही, हा त्याचा हिशेब. त्याच्या क्रूर बापानेही पोरांची जबाबदारी टाकली नव्हती. कर्तव्य आणि कठोरपणा हा वारसा ट्रॉयला एकत्रच मिळाला आहे.

शोकात्म नायक राजकुळातलाच असावा लागत नाही, असे आर्थर मिलर यांनी १९४९ मधील निबंधात मांडले होते. ट्रॉयचा मोठेपणा त्या अर्थाचा आहे. पण त्याची किंमत रोझ आणि कोरी यांनी मोजली, हे विल्सन झाकत नाहीत. १९६५ मधील अखेरच्या प्रवेशात कोरी बापाच्या अंत्यविधीला जायचे नाकारतो. रोझ त्याला समजावते, पण ट्रॉयचे दोष पुसत नाही. नायकत्व म्हणजे दोषमुक्ती नव्हे, ही नाटकाची भूमिका.

१९८७ मध्ये नाटकाला पुलित्झर पारितोषिक मिळाले. ब्रॉडवेवर जेम्स अर्ल जोन्स यांनी ट्रॉय साकारला. २०१० मधील पुनरुज्जीवनात आणि २०१६ च्या चित्रपटात डेन्झेल वॉशिंग्टन यांनी.